पालटलेला ग्रंथ कीं पालटलेला अर्थ ?

दुसऱ्याच्या घरांतील भांडीं मोजावयास बसलें म्हणजे मनुष्याची नजर किती तीक्ष्ण होते हें कोणास सांगावयास नको. आणि तोच मनुष्य आपल्या घरीं आला म्हणजे फुटका तांब्याही त्यास वडिलोपार्जित ठेवा वाटूं लागतो. धर्मग्रंथांच्या वादांत हा मनुष्यस्वभाव जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे क्वचितच पडत असेल. यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथांविषयीं इस्लामचें मत काय, हा असाच एक प्रश्न आहे. त्यावर दोन ठरीव उत्तरें तयार आहेत. दोन्ही स्वस्त आहेत, आणि दोन्ही आजवर इतक्या हातांतून गेलीं आहेत कीं, त्यांचें नाणें वाजवून पाहावें असें देणाऱ्यासही वाटत नाहीं आणि घेणाऱ्यासही वाटत नाहीं.

पहिलें उत्तर मुसलमान वादपटूंचें. तें असें कीं, तौरात व इंजील हे ग्रंथ मूळचे ईश्वरदत्त खरे, परंतु यहुद्यांनीं व ख्रिस्त्यांनीं त्यांतील अक्षरें पालटून ते पार नासून टाकले. ही गोष्ट कुराणांतच सांगितलेली असल्यामुळें आजचें बायबल उघडून पाहण्याचेंही प्रयोजन उरलें नाहीं. दुसरें उत्तर ख्रिस्ती मिशनऱ्यांचें. त्यांचें म्हणणें, कुराण स्वतःच तौरात व इंजील यांच्या खरेपणाची ग्वाही देतें. तेव्हां ज्याला कुराण मान्य त्याला आमचें बायबल मुकाट्यानें मान्य केलेंच पाहिजे, आणि बायबल मान्य केलें कीं कुराणाची गरजच संपली! पहिल्या उत्तरानें एक ग्रंथ न वाचतां बाजूस ठेवण्याची सोय होते. दुसऱ्यानें दुसरा ग्रंथ साक्षीदार म्हणून बोलावून, साक्ष संपतांच त्यास कचेरीबाहेर घालवून देण्याची सोय होते.

आमचें म्हणणें असें आहे कीं, ह्या दोन्ही उत्तरांत इस्लामचें मत सांपडत नाहीं. त्या मताचे दोन तोडलेले तुकडे मात्र सांपडतात. कुराणाचा रोष मुख्यतः ग्रंथ हातीं असणाऱ्या माणसांवर आहे. जो आरोप वाचणाऱ्यांवर होता तो वाचावयाच्या पुस्तकावर ढकलून पुढील वादपटूंनीं वाचण्याच्या कष्टांतून आपली सुटका करून घेतली. हें विधान आम्ही हवेंत करीत नाहीं. त्याचे आधार खुद्द मुसलमान पंडितांच्याच परंपरेंत आहेत, व ते पुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ पाहूं. मूसास तौरात, दाऊदास जबूर आणि ईसास इंजील ईश्वराकडून मिळालें असें कुराण सांगतें, आणि ह्या पूर्वग्रंथांचा खरेपणा पटविण्यासाठीं आपण आलों आहों असें स्वतःविषयीं म्हणतें. पांचव्या अध्यायांतील ४३ पासून ४८ पर्यंतच्या आयती ह्या बाबतींत फार महत्त्वाच्या आहेत. यहुद्यांजवळ तौरात असतां ते निवाड्यासाठीं पैगंबराकडे कां येतात, असा प्रश्न तेथें केला आहे. इंजीलच्या लोकांनीं इंजीलमधील आज्ञेस धरून निवाडा करावा असें सांगितलें आहे. आणि कुराण हें पूर्वग्रंथांचें समर्थक व 'मुहैमिन', म्हणजे राखण करणारें, देखरेख ठेवणारें आहे, असें शेवटीं म्हटलें आहे. दहाव्या अध्यायाच्या ९४ व्या आयतींत तर, शंका असेल तर पूर्वीचा ग्रंथ वाचणाऱ्यांस विचारावें, असें सुचविलें आहे. जो ग्रंथ पार नासला त्याच्या वाचकांकडे शंका घेऊन जा, असें कोणी सांगेल काय ?

परंतु हें झालें अर्धें. दुसऱ्या अर्धाकडे डोळेझांक करणें म्हणजे मिशनऱ्यांचा कित्ता गिरविणें होय. कांहीं लोक ईश्वराचें वचन ऐकून व समजून मग तें फिरवितात (अध्याय २, आयत ७५), कांहीं शब्दांस त्यांच्या जागेवरून हलवितात (४.४६, ५.१३, ५.४१), कांहीं वाचतांना जीभ अशी वळवितात कीं, ऐकणाऱ्यास तें ग्रंथांतलेंच वाटावें (३.७८); आणि कांहीं आपल्या हातानें लिहून, तें ईश्वराकडचें म्हणून थोड्या मोलासाठीं खपवितात (२.७९). ह्यांतील फिरविण्याच्या व हलविण्याच्या क्रियापदावरूनच पुढें 'तहरीफ' हा पारिभाषिक शब्द निघाला. आतां ही यादी वाचकांनीं एकवार शांतपणें न्याहाळावी. ऐकून फिरविणें, जीभ वळविणें, सत्य झांकून ठेवणें, ह्या साऱ्या माणसांच्या करणी आहेत. आणि आरोप आहे तोही सरसकट सर्वांवर नसून त्यांतील कांहींवर आहे. हातानें लिहिण्याची गोष्ट मात्र निराळी, व अक्षर पालटल्याचें म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट आधार तोच. पण त्या लोकांनीं मूळ ग्रंथाचीं पानें बदललीं कीं निराळे कागद लिहून विकले, हें त्या आयतींत सांगितलेलें नाहीं, आणि म्हणूनच भाष्यकारांत मतभेद माजले.

ह्या प्रश्नावर उजेड पाडणारी एक कथा हदीसांच्या मान्य संग्रहांत आहे. व्यभिचाराच्या आरोपावरून एका यहुदी स्त्रीपुरुषांस पैगंबरापुढें आणण्यांत आलें. तौरातींत ह्यास काय दंड सांगितला आहे असें त्यांनीं विचारलें, तेव्हां यहुद्यांनीं सौम्यसा दंड सांगितला. पुस्तक मागविण्यांत आलें. वाचणाऱ्यानें वाचतां वाचतां धोंडे मारण्याच्या शिक्षेच्या वाक्यावर आपला हात ठेवला, आणि त्याच्या मागचें व पुढचें तेवढें वाचलें. यहुदी धर्मांतून इस्लामांत आलेला अब्दुल्ला बिन सलाम तेथें होता. त्यानें हात उचलावयास सांगितलें, आणि हाताखालीं तें वाक्य जसेंच्या तसें निघालें! त्या शिक्षेचा कठोरपणा हा येथें आमचा विषय नव्हे. आमचा विषय तो हात आहे. ह्या कथेंत अक्षर कोणी खोडलें नाहीं, पान कोणी फाडलें नाहीं. पुस्तक शाबूत आहे आणि वाचणारा अप्रामाणिक आहे. तहरीफ म्हणजे काय हें ह्याहून स्पष्ट कोणत्याही टीकाकारास सांगतां आलेलें नाहीं.

येथवर वाचून मिशनरी मंडळींस आनंद वाटला असेल, तर त्यांनीं जरा थांबावें. सर विल्यम म्यूर यांनीं कुराणांतील असलीं सर्व स्थळें वेंचून, कुराण हें बायबलच्या बाजूचा साक्षीदार आहे असें दाखविण्यासाठीं एक स्वतंत्र ग्रंथच रचिला. त्यांची मेहनत खरी. पण एक गोष्ट त्यांनीं अलगद पलीकडे ढकलली. कुराणांतील इंजील म्हणजे ईसास ईश्वराकडून मिळालेला ग्रंथ. ख्रिस्ती लोकांचीं चार शुभवर्तमानें तशीं नाहींत, व तशीं असल्याचें ख्रिस्ती लोकही म्हणत नाहींत. तीं मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नांवांवर असलेलीं येशूचीं चरित्रें आहेत. एकाच नांवाच्या ह्या दोन वस्तु एकच आहेत असें गृहीत धरून पुढें चालणें म्हणजे खरेदीखतांत एक शेत दाखवून ताबा दुसऱ्याचा घेणें होय. इब्न तैमिया (१२६३–१३२८) ह्या प्रखर पंडितानें शुभवर्तमानांची बरोबरी कुराणाशीं न करितां पैगंबरांच्या आठवणींच्या व चरित्रांच्या ग्रंथांशीं केली, ती ह्याच कारणास्तव. अशा ग्रंथांत खरी वचनें असतात, सांगणाऱ्याच्या चुकाही असतात, आणि दोहोंची निवड करावी लागते.

तेव्हां मुसलमान पंडितांचें एकच एक मत होतें हें म्हणणें मुळींच टिकत नाहीं. ह्याच इब्न तैमियाचा शिष्य इब्न कय्यिम (मृत्यु १३५०) यानें तौरातीच्या बाबतींत आपल्या पंडितांचे तीन पक्ष सांगितले आहेत. पहिला पक्ष, सर्व अथवा बहुतेक ग्रंथ पालटला असें म्हणणारा. दुसरा, पालट अर्थांत झाला, अक्षरांत नाहीं असें म्हणणारा. आणि तिसरा, थोड्या ठिकाणीं अक्षर पालटलें पण बराचसा ग्रंथ शाबूत आहे असें म्हणणारा. हे तीनही पक्ष इस्लामच्या घरांतलेच होत. आज ज्यास इस्लामचें मत म्हणून सरसहा पुढें करण्यांत येतें तो ह्यांपैकीं केवळ पहिला पक्ष आहे.

ह्या पहिल्या पक्षाचा खरा सेनापति कोर्दोव्याचा इब्न हज्म (९९४–१०६४). त्यानें तौरात ओळीनें वाचली, तींतील वंशावळींचे व वर्षांचे हिशेब मांडले, विसंगति दाखविल्या, आणि मूळ ग्रंथ हरवल्यावर एज्रानें तो नव्यानें लिहिला असा निष्कर्ष काढिला. त्याची भाषा अतिशय तिखट आहे, व यहुद्यांविषयींचा त्याचा द्वेष लपत नाहीं. तरीही त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. मूसाच्या नांवावरील पुस्तकें आजच्या रूपांत एज्राच्या हातून आलीं असावीं असें युरोपांत स्पिनोझानें इ. स. १६७० मध्यें लिहिलें, तेव्हां केवढा गहजब उडाला. इब्न हज्म त्याच्या सहाशें वर्षें आधीं तेंच सांगून गेला होता. पण आमच्या आजच्या वादपटूंनीं त्याचा निष्कर्ष तेवढा उचलला आणि त्याची मेहनत सोडून दिली. इब्न हज्मनें वाचून दोष दिला. हे न वाचतां देतात!

दुसऱ्या पक्षाकडेही मोठमोठीं नांवें आहेत. ईश्वराच्या ग्रंथाचे शब्द कोणास नाहींसे करितां येत नाहींत, लोक त्यांचा अर्थ भलता करितात तेवढेंच, असें मत पैगंबरांचा चुलतभाऊ इब्न अब्बास याच्या नांवानें सांगितलें जातें, व तशा अर्थाचा मजकूर बुखारीच्या संग्रहांत आढळतो. त्याच संग्रहांत त्याच इब्न अब्बासच्या तोंडीं, किताबी लोकांनीं आपल्या हातानें लिहून ग्रंथ बदलला, असाही उद्गार आहे. म्हणजे मतभेद पहिल्याच पिढीपासूनचा ! फखरुद्दीन राझी (मृत्यु १२०९) यानें शंका काढिली कीं, जो ग्रंथ पूर्वपश्चिमेस इतक्या देशांत पसरला, त्याच्या सर्व प्रती एकाच वेळीं एकाच रीतीनें बदलाव्या हें घडावें कसें ? तिसऱ्या पक्षाचा नमुना म्हणून इब्न तैमियाचेंच उदाहरण घ्यावें. इब्राहीमानें बळी देण्यास नेलेल्या मुलास उत्पत्तीच्या पुस्तकांत एकुलता एक म्हटलें आहे व त्याचें नांव इसहाक दिलें आहे. इस्माईल वडील असतां इसहाक एकुलता एक कसा, सबब हें नांव मागाहून घुसविलेलें, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो कोणास पटो वा न पटो. येथें एका शब्दाचा वाद एका शब्दापुरता चालला आहे, सबंध ग्रंथ आगींत टाकण्याचा नव्हे.

पहिल्या पक्षाच्या पुरस्कर्त्यांस आम्हांस आणखी एक प्रश्न विचारावयाचा आहे. नवव्या शतकांतील अली बिन रब्बन तबरी याच्यापासून आजच्या लहानसहान पुस्तिकांपर्यंत, महंमद पैगंबरांच्या आगमनाचीं भाकितें बायबलांत आहेत, असें आग्रहानें सांगण्यांत येतें. अनुवादाच्या अठराव्या अध्यायांतील मूसासारखा संदेष्टा, यशयाच्या एकविसाव्या अध्यायांतील उंटावरचा स्वार, योहानाच्या शुभवर्तमानांतील येणारा कैवारी, ह्या साऱ्या वचनांत पैगंबर दिसतात असें त्यांचें म्हणणें. बरें तर ! सारें पुस्तक खोटें असेल तर हीं वाक्यें खरीं कशीं ? आणि हीं वाक्यें राहिलीं असतील, तर ज्यांनीं सारें पुस्तक पालटलें म्हणतां त्यांनीं नेमकीं तींच, जीं त्यांस सर्वांत अडचणीचीं, कां राहूं दिलीं ? हवें तेथें साक्षीदार सत्यवादी, नको तेथें तोच लबाड, हा न्याय कोणत्याही कचेरींत चालत नाहीं. इब्न तैमियाच्या तिसऱ्या पक्षास हा प्रश्न अडत नाहीं, कारण तो निवड करावयास तयार आहे. पहिल्या पक्षास मात्र ह्याचें उत्तर नाहीं.

ह्या गोंधळांत आम्हांस सर्वांत आदरणीय वाटतो तो आपल्याकडे हिंदुस्थानच्या वर्णनामुळें परिचित असलेला अल्बेरूनी. इ. स. १००० च्या सुमारास रचलेल्या आपल्या कालगणनेच्या ग्रंथांत त्यानें यहुद्यांची हिब्रू तौरात, ख्रिस्त्यांची ग्रीक तौरात व शोमरोनी लोकांची तौरात अशा तीन प्रतींची तुलना केली. आदमापासून जलप्रलयापर्यंत हिब्रू पाठाप्रमाणें १६५६ वर्षें होतात, ग्रीक पाठाप्रमाणें २२४२ आणि शोमरोनी पाठाप्रमाणें १३०७. हे आंकडे मांडून तो मोकळा झाला. शिवी कोणास दिली नाहीं. पाठ वेगवेगळे आहेत ही वस्तुस्थिति, आणि ती मोजून दाखविली पाहिजे, एवढीच त्याची प्रतिज्ञा. पंधराव्या शतकांत कैरोच्या बिकाई ह्या भाष्यकारानें कुराणावर टीका लिहितांना खुशाल बायबलांतील उतारे घेतले. सखावी प्रभृति पंडित त्याच्यावर तुटून पडले, तेव्हां त्यानें आपल्या बचावार्थ स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्याचा बचाव करावा लागला तें कृत्य लोकप्रिय नव्हतें हें खरेंच. पण तें घडलें, आणि करणारा मुसलमानच राहिला, हेंही तितकेंच खरें.

आतां आपल्या देशाकडे वळूं; कारण आज ह्या वादाचें जें रूप सर्वत्र दिसतें तें बऱ्याच अंशीं येथेंच घडलें. मुंबईंत डॉक्टर विल्सन यांनीं इ. स. १८३१ मध्यें मोरभट दांडेकरांशीं वाद केला, आणि मग हाजी महंमद हाशीम यांशींही त्यांची लेखी झुंज जुंपली. पुराणांतील विसंगति दाखवून हिंदूंस गप्प करावयाचें व कुराणावर आक्षेप घेऊन मुसलमानांस गप्प करावयाचें, ही रीत तेव्हांचीच. त्याच रीतीचा मोठा सामना आग्रा येथें इ. स. १८५४ च्या एप्रिल महिन्याच्या १० व ११ तारखांस झाला. एका बाजूस 'मीझान-उल्-हक्क' ह्या प्रसिद्ध पुस्तकाचा कर्ता जर्मन मिशनरी फँडर, व त्याचा सहाय्यक फ्रेंच. दुसऱ्या बाजूस किराण्याचे मौलवी रहमतुल्ला, व त्यांचे सहाय्यक डॉक्टर वझीरखान. वझीरखानांनीं विलायतेहून बायबलच्या चिकित्सेचीं नवीं युरोपीय पुस्तकें आणलीं होतीं, व फँडरला त्याचा सुगावा नव्हता. सभेंत ख्रिस्ती पंडितांचेच आधार एकामागून एक पुढें येऊं लागले, आणि सात आठ ठिकाणीं पाठ बदलला आहे हें फँडरला भर सभेंत कबूल करावें लागलें. विजय कोणाचा हें सांगावयास नकोच.

पण हा विजय मोठा महाग पडला असें आम्हांस वाटतें. मौलवी रहमतुल्ला यांची विद्वत्ता थोर होती. इ. स. १८५७ च्या धामधुमीनंतर देशत्याग करून ते मक्केस गेले, व इ. स. १८६४ मध्यें 'इझहार-उल्-हक्क' हा ग्रंथ त्यांनीं पूर्ण केला. तोच पुढें जगभर ह्या वादाचें शस्त्रागार झाला. तथापि ज्या युरोपीय चिकित्सकांचे आधार त्यांनीं घेतले, त्यांपैकीं कांहीं चिकित्सक ईश्वरी ग्रंथ ही कल्पनाच मानीत नव्हते. स्ट्राऊसच्या तरवारीस एकच धार नव्हती. शेजाऱ्याच्या भिंतीस लावलेली ती पहार आपल्या भिंतीस लागली तर काय, हा विचार विजयाच्या भरांत मागें राहिला. आणि फँडरच्या पराभवांतही एक धडा होता, तो मिशनऱ्यांनीं घेतला नाहीं. एकही अक्षर हललें नाहीं, अशी प्रतिज्ञा करून सभेंत बसणारास एक हललेलें अक्षर पुरे होतें !

ह्या शस्त्रांच्या खणखणाटांत एक शांत आवाज उठला होता, तो सर सय्यद अहमदखान यांचा. इ. स. १८६२ मध्यें गाझीपुराहून त्यांनीं बायबलवरील आपल्या भाष्याचा पहिला भाग छापला. मुसलमानानें बायबल समजून घेण्यासाठीं बायबलवर भाष्य लिहावें, हीच गोष्ट अपूर्व. तहरीफ मुख्यतः अर्थाची आहे, नकलकारांच्या चुका निराळ्या व बुद्ध्या केलेला पालट निराळा, असें त्यांनीं प्रतिपादिलें. आणि त्यासाठीं नवा धर्म काढला नाहीं, जुन्याच पंडितांचे आधार दिले. त्यांच्या शंभर वर्षें आधीं दिल्लीच्या शाह वलिउल्ला (१७०३–१७६२) यांनींही, अक्षरांचा पालट भाषांतरांत व अर्थांत होत असे, मूळ तौरातींत नव्हे, असेंच लिहून ठेविलें होतें. सर सय्यदांचें हें भाष्य अपुरें राहिलें. मौलवींनीं त्यांस ख्रिस्त्यांचे हस्तक मानिलें, आणि मिशनऱ्यांस तें पुरेसें ख्रिस्ती वाटलें नाहीं. मधल्या वाटेनें चालणारास दोन्ही बाजूंचे धोंडे खावे लागतात, ह्याचें हें आणखी एक उदाहरण.

आज आपणांस ह्या सर्वांहून एक गोष्ट अधिक ठाऊक आहे. इ. स. १९४७ मध्यें मृतसमुद्राकाठीं कुमरानच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सांपडूं लागल्या. त्यांतील यशयाची गुंडाळी इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे पैगंबरांच्या सातआठशें वर्षें आधींची आहे. आणि किरकोळ भेद वगळतां ती आजच्या हिब्रू पाठाशीं बहुतांशीं जुळते. चौथ्या शतकांतील 'सिनाई' व 'व्हॅटिकन' ह्या ग्रीक प्रतीही उपलब्ध आहेत. ह्याचा अर्थ असा कीं, सातव्या शतकांतील अरबस्तानच्या आसपास यहुद्यांच्या व ख्रिस्त्यांच्या हातीं जे ग्रंथ होते ते मुख्यतः आज आहेत तेच. पैगंबरांच्या काळीं खरें बायबल होतें आणि मागाहून कोणी कट करून तें बुडविलें, ही कल्पना आतां मनांतून काढूनच टाकिली पाहिजे. पण ह्याच पुराव्यानें दुसऱ्या पक्षाचाही फुगा फुटतो. यिर्मयाचें पुस्तक ग्रीक भाषांतरांत सुमारें अष्टमांशानें आखूड आहे, आणि तशाच आखूड हिब्रू पाठाचे तुकडे कुमरानला निघाले. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या त्या दोन्ही जुन्या ग्रीक प्रतींत नाहींत. योहानांतील व्यभिचारी स्त्रीची हृदयंगम कथाही त्यांत नाहीं. त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारें योहानाच्या पहिल्या पत्रांतील वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत नसल्यामुळें इरॅस्मसनें आपल्या पहिल्या दोन आवृत्त्यांतून गाळलें होतें, व इ. स. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तींत तें घातलें. ग्रंथ नासलेला नाहीं. ग्रंथ अस्पर्शही नाहीं. माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या हातानें उतरलेला कोणताही ग्रंथ जसा असतो तसा तो आहे.

मराठी वाचकास ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ज्ञानेश्वरींत पाठभेद शिरले म्हणून एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, प्रती मिळवून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तेवढ्यावरून ज्ञानेश्वरी खोटी ठरली असें त्यांस वाटलें नाहीं, आणि ती अस्पर्श आहे असा खोटा डौलही त्यांनीं मिरविला नाहीं. मुसलमानांच्या घरांतही ही समज आहे. कुराणाच्या सात मान्य पठणपद्धति इब्न मुजाहिद (मृत्यु ९३६) यानें ठरवून दिल्या, आणि त्यांत शब्दोच्चाराचे भेद आहेत. पण त्यांस कोणी तहरीफ म्हणत नाहीं, व म्हणूंही नये. मग जें माप आपल्या घरीं तेंच शेजाऱ्याच्या घरीं लावावयास हरकत कोणती ?

माप बदललें म्हणजे काय होतें ह्याचा दाखला 'बर्नबाचें शुभवर्तमान' ह्या पुस्तकानें पुरविला आहे. त्याची इटालियन भाषेंतील सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची प्रत व्हिएन्ना येथें आहे, इ. स. १९०७ मध्यें तें इंग्रजींत व लगेच १९०८ मध्यें अरबींत आलें. तेव्हांपासून हेंच खरें इंजील असें म्हणणारांची वाण पडली नाहीं. ह्या पुस्तकांत ज्युबिलीचें वर्ष शंभर वर्षांनीं येतें असें आहे. बायबलाप्रमाणें तें पन्नासांनीं यावें, आणि शंभर वर्षांची प्रथा पोप आठवा बोनिफेस यानें इ. स. १३०० मध्यें पाडलेली. त्यांत येशू गलबतांतून नासरेथ गांवीं उतरतो. नासरेथला बंदर नाहीं, तो डोंगरांतला गांव! आणि सर्वांत चमत्कारिक हें कीं, ह्या पुस्तकांत मसीहा येशू नव्हे, महंमद आहेत. उलट कुराण मसीह ही पदवी ईसासच देतें. म्हणजे चौदाशें वर्षें जपलेल्या प्रती अविश्वसनीय, आणि कुराणाच्याच शब्दास छेद देणारें हें अर्वाचीन बाड तेवढें विश्वसनीय ! खोटें लिहून ईश्वराकडचें म्हणून खपविणारांवर कुराणाचा जो कोप आहे, तो ह्या पुस्तकाच्या कर्त्यास लागूं होत नसेल तर मग कोणास होईल ?

तुम्हांस ह्या उठाठेवी कशास, असें आम्हांस कोणी म्हणेल. आमचें उत्तर एवढेंच कीं, ह्या देशांत मुसलमान, ख्रिस्ती व यहुदी हे आमचे शेजारी आहेत. आमच्या कोंकणांत तर बेने-इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयीं आम्हांस जें कळतें तें बहुधा त्याच्या प्रतिपक्षाकडून, आणि प्रतिपक्षाचा सारांश हाच आम्ही ग्रंथ समजून चालतों. ग्रंथ भ्रष्ट आहे असें म्हटलें म्हणजे वाचण्याचें काम चुकतें; ग्रंथ अस्पर्श आहे असें म्हटलें म्हणजे विचार करण्याचें काम चुकतें. दोन्ही आळसच, फक्त एकाच्या अंगावर टीकेची शाल आहे आणि दुसऱ्याच्या अंगावर भक्तीची.

ग्रंथ जवळ असून तो लपविणारे, जीभ वळवून वाचणारे, अर्धें वाक्य पुढें करून अर्धें दाबणारे, ह्यांवर कुराणानें जो आरोप केला तो सातव्या शतकांतील मदीनेच्या कांहीं लोकांपुरता संपला असें आम्ही मानीत नाहीं. तो आरोप प्रत्येक ग्रंथाच्या प्रत्येक पुरोहितास, मौलवीस, पाद्र्यास व शास्त्र्यास लागूं आहे, आणि आमच्यासारख्या मासिकांतून त्यांवर टीका करणारांसही तो चुकलेला नाहीं. बायबल पालटलें कीं नाहीं, हा वाद विद्वानांनीं प्रती समोर ठेवून अवश्य करावा. पण तो करावयाच्या आधीं त्या पानावर जो हात पडला आहे तो उचलला पाहिजे, मग तो कोणाचाही असो.